चोवीस दिवसांचा विद्यार्थी

अमेरिकेतील विद्यापीठांनी आपल्या खेळाडूंना उघडपणे मोबदला द्यावा की न द्यावा, हा अनेक वर्षे न्यायालयांच्या दप्तरी पडून असलेला वाद 2025 च्या जून महिन्यात एकदाचा निकाली निघाला, आणि त्याच जुलैपासून मोठ्या विद्यापीठांना आपापल्या खेळाडूंमध्ये वर्षाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत रक्कम वाटण्याची मुभा मिळाली. स्वतःच्या नावाच्या व छायाचित्राच्या वापराबद्दल जाहिरातदारांकडून पैसे घेण्याची परवानगी खेळाडूंना 2021 मध्येच मिळाली होती. आणि एका विद्यापीठातून नाव काढून दुसऱ्यात दाखल होणाऱ्या खेळाडूस एक वर्ष मैदानाबाहेर बसविण्याची जुनी शिक्षा, त्याचा अभ्यास समाधानकारक असल्यास, 2024 पासून रद्द झाली. या तिन्ही सुधारणांचे आम्ही मनापासून स्वागत करतो. ज्यांच्या श्रमावर विद्यापीठांचा एवढा मोठा कारभार उभा आहे, त्या तरुणांना त्यातला वाटा मिळणे न्यायाचेच आहे. परंतु या नियमावलीवर चाललेला ऊहापोह वाचताना पन्नास वर्षांपूर्वीच्या एका बास्केटबॉलपटू मुलाची हकीकत आमच्या मनातून जात नाही. कारण त्या मुलाला ज्या गोष्टीची निकड होती तिची तरतूद त्या वेळच्या नियमांत नव्हती, आणि आजच्या करारनाम्यांतही ती आम्हाला आढळत नाही.

लॅरी बर्ड हा तो मुलगा. जन्म 7 डिसेंबर 1956 चा, इंडियाना राज्याच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागात वेस्ट बेडन स्प्रिंग्ज येथे. आणि लहानाचा मोठा झाला तो शेजारच्या फ्रेंच लिक या अवघ्या दोनेक हजार वस्तीच्या गावी. येथील गंधकयुक्त झऱ्यांच्या पाण्याने व्याधी बऱ्या होतात या श्रद्धेपोटी एके काळी शिकागोपासूनचे धनिक या दोन गावांत येऊन राहत, आणि त्यांच्यासाठी वेस्ट बेडनमध्ये 1902 साली उभारलेल्या हॉटेलचा प्रचंड घुमट पाहण्यास दुरून लोक येत; पण ते वैभव ओसरून गेल्यावर मागे राहिलेल्या कष्टकरी घरांपैकी बर्ड यांचे एक घर होते. वडील कोरियाच्या युद्धावरून परतलेले शिपाई, मिळेल ते काम करणारे आणि दारूच्या आहारी गेलेले. आई दोन-दोन ठिकाणी राबून सहा मुलांचा प्रपंच ओढणारी. इंडियाना हे राज्य असे की, तेथे शाळकरी मुलांचा बास्केटबॉलचा सामना असला म्हणजे सगळे गाव क्रीडागृहात लोटते. आणि म्हणूनच स्प्रिंग्ज व्हॅली हायस्कूलच्या या उंच, अबोल, सोनेरी केसांच्या मुलाची कीर्ती 1974 पर्यंत राज्यभर पसरली, आणि ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठाच्या बॉब नाइट या कडक शिस्तीच्या प्रशिक्षकांनी त्याला शिष्यवृत्ती देऊन बोलावून घेतले.

फ्रेंच लिकपासून ब्लूमिंग्टन सुमारे 50 मैलांवर. अंतर म्हणून हे काहीच नव्हे. परंतु दोन हजार माणसांच्या गावातून तीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात आलेल्या, अंगावर धड कपडे नसलेल्या आणि खिशात खर्चायला पैसे नसलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला ते 50 मैल समुद्रापार गेल्यासारखे वाटले असतील, तर त्यात नवल नाही. ज्या वर्गात आपले नाव कोणालाच ठाऊक नाही, त्या वर्गात तो जाऊन बसे. आणि ज्या वसतिगृहात इतर मुलांच्या कपाटांत कपड्यांची रांग लागलेली, तेथे आपल्या मोजक्या कपड्यांनिशी राही. हंगामातला पहिला सामनासुद्धा अजून व्हायचा होता. चोविसाव्या दिवशी त्याने आपले सामान उचलले, कोणाची रजा घेतली नाही, आणि वाटेतल्या मोटारींना हात करीत तो घरी परतला.

येथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. विद्यापीठाच्या दृष्टीने ही घटना एका ओळीची होती: अमुक विद्यार्थी गैरहजर, नाव कमी केले. त्याच्या मागोमाग कोणी फ्रेंच लिकला गेले नाही. कोणाच्या मनात दुष्टावा होता असे आम्ही म्हणत नाही. नाइट यांचा संघ त्या वर्षी केवळ एक सामना हरला, आणि पुढच्या म्हणजे 1975-76 च्या हंगामात 32 पैकी 32 सामने जिंकून राष्ट्रीय विजेता ठरला. त्यानंतर पुरुषांच्या पहिल्या श्रेणीतील एकाही विद्यापीठीय संघाला असा निष्कलंक हंगाम साधलेला नाही. एवढ्या उत्कर्षाच्या काळात एका मुलाची उणीव कोणाला भासणार? संस्थेचे यश हेच तिच्या चुकीवर पडलेले पांघरूण होते. हरणारा संघ कदाचित त्या मुलाचा शोध घेत गेलाही असता. जिंकणाऱ्या संघाला तसे कारणच पडले नाही. मोठ्या संस्थांच्या हातून होणाऱ्या हानीचे हे एक लक्षण आम्हाला फार चिंतनीय वाटते, की ती हानी त्यांच्या जमाखर्चात कोठेच दिसून येत नाही.

घरी परतलेल्या मुलाने जवळच्याच एका छोट्या महाविद्यालयात नाव घातले, पण तेथेही तो टिकला नाही. आणि मग गावाच्या नगरपालिकेच्या रस्तेखात्यात तो कामाला लागला. कचऱ्याच्या गाडीवर उभे राहून गल्ल्यागल्ल्यांतला कचरा गोळा करावा, उन्हाळ्यात रस्त्याकडेचे गवत कापावे, हिवाळ्यात बर्फ हटवावे, पाट्यांना रंग द्यावा. त्या कामाची त्याला कधी लाज वाटली नाही. उलट आपल्या गावासाठी काहीतरी करीत आहोत याचे समाधान त्यात होते आणि ते दिवस आनंदाचे होते, असे बर्ड यांनी पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही अनेकदा सांगितले आहे. त्याची खिन्नता कामामुळे नव्हती. त्याच वर्षी, 1975 च्या फेब्रुवारीत, त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली. अठरा वर्षांच्या मुलावर कोसळलेल्या या आघाताविषयी अधिक काही लिहिणे आम्हास उचित वाटत नाही. एवढेच सांगणे पुरे, की त्या घरात आता शिक्षणाची नव्हे, चुलीची चिंता होती. आणि राज्यातील सर्वांत गुणी खेळाडूंपैकी एक असलेला हा मुलगा क्रीडाजगताच्या हिशेबातून जवळजवळ कायमचा वजा झाला होता.

अशा वेळी टेर होट येथील इंडियाना स्टेट या विद्यापीठाचे दुय्यम प्रशिक्षक बिल हॉजेस त्याला गाठण्यास फ्रेंच लिकला आले. इंडियाना स्टेट हे ब्लूमिंग्टनच्या मानाने पुष्कळ लहान आणि खेळात नाव नसलेले विद्यापीठ. तेथील मुख्य प्रशिक्षक बॉब किंग यांना संघ उभारायचा होता, आणि हॉजेस खेळाडूच्या शोधात आले होते, हे आम्ही लपवून ठेवीत नाही. त्यांचा स्वार्थ होताच. पण स्वार्थासाठी का होईना, कोणीतरी त्या मुलाच्या दारापर्यंत आले, ही गोष्ट आम्हाला सर्व नियमावल्यांपेक्षा मोलाची वाटते. घरच्यांची मर्जी प्रथम मुळीच नव्हती. एकदा पोळलेल्या मुलाला पुन्हा त्याच विस्तवाजवळ न्यायला कोणती आई तयार होईल? हॉजेस यांनी हट्ट सोडला नाही. हा मुलगा कोठून आला आहे आणि तो का पळाला, हे समजून घेण्याइतका वेळ त्यांनी दिला, आणि 1975 मध्ये लॅरी बर्ड टेर होटला दाखल झाला.

त्या काळच्या नियमाप्रमाणे विद्यापीठ बदलणाऱ्यास एक वर्ष सामने खेळण्यास मनाई होती. जो मुलगा पहिल्या विद्यापीठात एकही सामना खेळला नव्हता, त्यालाही ही शिक्षा भोगावी लागली. आणि ब्लूमिंग्टनचा संघ अजिंक्य ठरत होता त्याच हंगामात टेर होटच्या संघाबरोबर सराव करून सामन्याच्या वेळी बर्ड बाहेर बसत होता. हा नियम अन्यायाचा होता आणि तो गेला हे बरे झाले. तरीही त्या सक्तीच्या वर्षाने एक उपकार केला हे कबूल करावे लागते, की कोणाच्याही टाळ्या व अपेक्षा खांद्यावर न घेता एका नव्या गावात मुळे धरण्यास त्या मुलाला सवड मिळाली. नियम रद्द करणाऱ्यांनी ती सवड दुसऱ्या एखाद्या मार्गाने देण्याचा विचार केला नाही, ही आमची तक्रार आहे.

पुढची तीन वर्षे सर्वश्रुत आहेत, म्हणून त्यांचा विस्तार करीत नाही. बर्ड बाहेर बसला होता त्या हंगामात 13 सामने जिंकून 12 हरणारा संघ तो मैदानात उतरताच 25 जिंकून केवळ 3 हरला. आणि तीन हंगाम मिळून 81 विजय व 13 पराभव असा हिशेब झाला. प्रत्येक सामन्यात सरासरी 30 हून अधिक गुण आणि 13 हून अधिक रिबाउंड अशी त्याची कामगिरी होती. परंतु ज्यांनी त्याचा खेळ पाहिला त्यांना आकड्यांपेक्षा त्याचा चेंडू देण्याचा गुण अधिक स्मरतो: सहकारी मोकळा होण्याच्या क्षणभर आधीच चेंडू त्याच्या दिशेने निघालेला असे. वृत्तपत्रे आपल्या एकट्याविषयीच लिहितात आणि बाकीच्या गड्यांना विसरतात, या खंतीने शेवटच्या वर्षी त्याने वार्ताहरांशी बोलणे जवळजवळ सोडून दिले. आमच्या व्यवसायाने या तक्रारीची दखल घ्यावी, इतकी ती रास्त होती.

आणखी एक प्रसंग आम्ही गाळू शकत नाही. बर्डचे मूळ सहाध्यायी 1978 मध्ये पदवीधर होणार असल्याने व्यावसायिक संघांना त्याच वर्षी त्याची निवड करण्याचा हक्क प्राप्त झाला होता, आणि बोस्टन सेल्टिक्स या संघाने सहाव्या क्रमांकावर त्याचे नाव घेतले. ज्या मुलाच्या घरी पैशाची ददात कधी सरली नव्हती, त्याच्यासमोर आता सुबत्ता हात जोडून उभी होती. परंतु शिक्षण पुरे करीन असा शब्द त्याने दिला होता. चोवीस दिवसांत विद्यापीठ सोडून पळालेला हाच मुलगा, पळून जाण्यास आता सर्वांत मोठे निमित्त असताना, एक वर्ष आणखी राहिला. मग पहिल्यांदा त्याच्या स्वभावात चिकाटी नव्हती असे कोण म्हणेल? मुलगा तोच होता. दुसऱ्यांदा त्याला जे गाव, जी माणसे आणि जितका वेळ मिळाला, तेवढाच काय तो फरक होता.

त्या शेवटच्या हंगामात प्रकृतीमुळे बॉब किंग यांना बाजूला व्हावे लागले आणि संघाची सूत्रे हॉजेस यांच्याकडे आली. टेर होटचा संघ ओळीने 33 सामने जिंकून सॉल्ट लेक सिटी येथे अंतिम सामन्यास पोहोचला. 26 मार्च 1979 च्या त्या रात्री मिशिगन स्टेटच्या मॅजिक जॉन्सनने 24 गुण मिळविले. चोहोबाजूंनी घेरल्या गेलेल्या बर्डला 21 प्रयत्नांत केवळ 7 बास्केट साधल्या, आणि 75-64 असा पराभव झाला. दूरचित्रवाणीवर विद्यापीठीय बास्केटबॉलचा दुसरा कोणताही सामना त्या प्रमाणात आजवर पाहिला गेलेला नाही. सामना संपल्यावर पंच्यात तोंड लपवून रडणारा तो उंच तरुण सबंध देशाने पाहिला.

बॉब नाइट यांनी पुढे जाहीरपणे मान्य केले, की त्या मुलाला त्या वेळी कशाची गरज होती हे ओळखण्यात आपण कमी पडलो. आपल्या करड्या वृत्तीबद्दल प्रसिद्ध असलेल्या माणसाने दिलेली ही कबुली आम्ही फार मोलाची मानतो, आणि आजच्या कारभाऱ्यांनी ती आपल्या दप्तरात नोंदवून ठेवावी अशी आमची मागणी आहे. कोट्यवधी डॉलर वाटण्याची यंत्रणा उभारताना त्यातील अल्पसा भाग तरी अशा माणसांवर खर्च व्हावा, ज्यांचे काम नव्या मुलाच्या खोलीवर जाऊन त्याची विचारपूस करणे एवढेच असेल. एखाद्या खेळाडूने पहिल्या वर्षात नाव काढले, तर त्याआधी त्याच्याशी कोण बोलले, त्याच्या घरी कोण गेले, याचा लेखी जबाब विद्यापीठाकडून घेतला जावा. आणि त्याची शिष्यवृत्ती निदान एक वर्ष तहकूब ठेवावी, रद्द करू नये. आजची मुले एका हंगामात एका विद्यापीठातून दुसऱ्यात सहज जातात, दलाल त्यांच्या वतीने दर ठरवितात. पण या सगळ्या देवघेवीत एखादा अबोल मुलगा कोणालाही न सांगता घरी निघून गेला, तर त्याला शोधीत जाण्याची जबाबदारी कोणाची, हे कोठल्याही कलमात लिहिलेले नाही.

अंतिम सामन्यानंतर बोस्टनने घाई चालविली होती. व्यावसायिक हंगाम अजून उरला होता आणि संघ डबघाईस आलेला होता. बर्ड टेर होटला परतला, आपला अभ्यासक्रम त्याने पुरा केला, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. आणि मग जून महिन्यात पाच वर्षांच्या, 32 लाख 50 हजार डॉलरच्या करारावर त्याने सही केली.