मर्सेनची यादी

तारेची लांबी निम्मी केली की कंपने दुप्पट होतात. तीच दुप्पट ताणाने साधावयाची तर ताण चौपट लागतो. हे नियम १६३६ च्या आपल्या संगीतग्रंथात मांडणारा मारँ मर्सेन हा फ्रेंच साधू आम्हां गाण्याबजावण्याच्या माणसांना आपल्यातलाच वाटतो. गणिती मात्र त्याला ओळखतात ते एका चुकलेल्या यादीमुळे.

२ चा एखादा घात घेऊन त्यातून १ वजा केला की कधीकधी मूळ संख्या हाती येते. म्हणजे १ आणि ती स्वतः यांवाचून कशानेही निःशेष भाग न जाणारी. ३, ७, ३१, १२७ या तशाच. पण अकराव्या घातापासून मिळणारी २०४७ ही २३ गुणिले ८९ निघते. अशी मूळ संख्या देणारे २५७ पर्यंतचे अकरा घात मर्सेनने १६४४ साली जाहीर केले. पंधरा-वीस आकडी संख्येची परीक्षा करण्यास सारा काळ अपुरा पडेल, हेही त्यानेच लिहून ठेवले. यादीत ६७ आणि २५७ हे घात चुकून आले होते; ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते.

१२७ मात्र खरा ठरला. त्याची संख्या एकोणचाळीस आकडी : १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ती मूळ असल्याचे १८७६ साली ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने यंत्रावाचून सिद्ध केले. त्याची रीत पुढे लेमरने सुटसुटीत केली. ४ पासून निघावे, वर्ग करून २ वजा करावे, परीक्षेच्या संख्येने भागून बाकी ठेवावी, आणि हेच पुन्हा करावे. घातापेक्षा दोनने कमी इतक्या खेपांनंतर बाकी शून्य उरली तर संख्या मूळ. ७ साठी खेप एकच : ४ चा वर्ग वजा २ म्हणजे १४, सातने भाग गेला. १२७ व्या घातासाठी खेपा १२५. ६७ व्या घाताची संख्या मूळ नाही हेही ल्यूकाने अवयव न शोधताच दाखविले. तिचे अवयव १९०३ साली अमेरिकेत कोल यांनी मांडले : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. २०२४ साली सापडलेली चार कोटी दहा लाखांहून अधिक आकड्यांची मूळ संख्याही अखेर याच कसोटीवर पक्की करण्यात आली.

आमचे वडील राजवाड्यावर गात. तंबोरा जुळविला की शिष्याला म्हणत, "मी जुळविला म्हणून जुळला असे समजू नकोस, कान लाव." आम्ही त्यांचे पुत्र, पण त्यांची वही उतरून घेताना हे विसरलो. एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले, "गुरुजी, षड्ज-मध्यम आणि मध्यम-तारषड्ज या दोन प्रमाणांचा गुणाकार दोन यायला हवा ना? तुमच्या आकड्यांनी येत नाही." आम्ही तिला गप्प बसविले. घरी येऊन आकडेमोड केली. चूक आमच्याच वहीत होती. दुसऱ्या दिवशी भर वर्गात ते कबूल केले.

आपल्याकडे अशा प्रश्नाला उद्धटपणा म्हणतात, आणि मग चुका पिढ्यान्‌पिढ्या घराण्याच्या नावाने चालतात. मर्सेनची यादी लोकांनी तपासली, खोडली, पुरी केली. तरी त्या संख्या आजही मर्सेनच्याच नावाने ओळखल्या जातात. गुरूची वही तपासल्याने गुरू लहान होत नाही. विचारणाऱ्या शिष्याला गप्प बसविणारा गुरू मात्र होतो.