पश्चिमेच्या गॅलरीतले मासे

ठाण्याच्या खोपटमध्ये चाळी पाडून इमारती उभ्या राहिल्या, तशी एकेका बिऱ्हाडाच्या वाट्याला गॅलरी आली. तिथे आधी तुळस गेली, मग वॉशिंग मशीन, आणि आता फिशटँक जातोय. हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही यांच्यातून जागा उरत नाही, त्याला कोण काय करणार? काचेची टाकी जड म्हणून ॲक्रिलिकची आणतात. वजनाला ती काचेच्या निम्मीच. मी मासे पाळतो हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे जिन्यात गाठून हमखास विचारलं जातं, "उन्हात ॲक्रिलिक पिवळं पडतं का हो?"

सहसा नाही पडत. जर्मनीत १९३३ साली हे प्लॅस्टिक 'प्लेक्सिग्लास' या नावाने बाजारात आलं आणि दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांच्या डोक्यावरचं पारदर्शक छत त्याचंच होतं. आपल्याकडे तारापोरवाला मत्स्यालय २०१५ साली नव्याने उघडलं, तेव्हा ज्या बोगद्यातून मासे बघायला रांगा लागल्या तोही ॲक्रिलिकचाच. खरं ॲक्रिलिक उन्हाला दाद देत नाही. पिवळी पडतात ती त्याच्या नावाखाली खपवलेली स्वस्त प्लॅस्टिकची भांडी. ॲक्रिलिकची खोड वेगळीच आहे. तापल्यावर ते काचेच्या सात-आठ पट प्रसरण पावतं, त्यामुळे लांब टाकीची समोरची बाजू हळूहळू पोट काढते. चरे पटकन पडतात, आणि उन्हात तर शेवाळ खरवडायला हात सारखा आत जाणार.

पण टाकीचं काय होईल हा प्रश्न दुय्यम आहे. आतल्यांचं काय होईल, हे फारसं कुणी विचारत नाही.

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात तो साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. नेमकी त्याच वेळी माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले असतात. गोल्डफिश हा मुळात थंड पाण्यातला, चिनी कार्पच्या कुळातला प्राणी, ठाण्याच्या मे महिन्यात तो पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागला की पोरं म्हणतात, "बघा, बोलतोय!" तो बोलत नसतो, गुदमरत असतो. तळ्यातल्या माशाला खाली जायची सोय असते. तिथे ऊन फक्त वरून येतं आणि खालचं पाणी गार राहतं. पारदर्शक टाकीत ऊन वरून आणि बाजूंनी शिरतं, आणि फूटभर पाण्यात पळून जाणार कुठे?

गॅलरीचं तोंड कुठे आहे, हेही बघायला हवं. ठाणं साधारण १९.२ अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून वर स्लॅब असलेल्या दक्षिणेच्या गॅलरीत तेव्हा दुपारचं ऊन येतच नाही. डिसेंबरात तो दक्षिणेला सत्तेचाळीस अंशांवर उतरतो आणि ऊन थेट आत येतं. तेही थंडीच्या दिवसांत, म्हणजे माशांना सोसवणारं. पूर्वेचं कोवळं ऊनही चालतं. घातकी पश्चिम. एप्रिल-मेत तीननंतर तिथे जे ऊन तिरकं घुसतं ते आधीच तापलेल्या पाण्यावर. संध्याकाळी घरी येऊन बर्फ टाकणारे लोक मी पाहिले आहेत. अचानक गारठ्याने मासा आणखी लवकर जातो.

शेवाळाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. पाणी हिरवं झालं म्हणजे ते खराब झालं असं नव्हे. पिल्लांना ते मानवतंही. मात्र ते हिरवेपण दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री स्वतःच खातं. मासे पहाटे मेलेले सापडतात त्याला हे एक कारण असतं.

तेव्हा बाहेरच मासे ठेवायचे असतील तर पारदर्शक टाकीचा नाद सोडा. मोठा, अपारदर्शक टब किंवा सिमेंटची कुंडी घ्या. पाणी जितकं जास्त तितकं ते सावकाश तापतं. वर हिरवी जाळी, एका कडेला जलपर्णी नव्हे तर कमळाची दोन पानं, आणि गोल्डफिशऐवजी गप्पी. वरून बघताना मासे फार दिसत नाहीत ही तक्रार खरी आहे, पण जगतात. गप्पी डासांच्या अळ्याही खातात. उघड्यावर साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतील ही शेजाऱ्यांची धास्ती रास्त असते, आणि तिला हेच उत्तर आहे. नुसता टब भरून ठेवून मासे 'पुढच्या रविवारी' आणणाऱ्यांनी मात्र त्याआधीच डास पाळलेले असतात.

आणखी एक. मासे सांभाळेनासे झाले की आपल्याकडे कुणीतरी ते पिशवीतून सिद्धेश्वर तलावात सोडून येतो आणि पुण्य केल्याच्या चेहऱ्याने परततो. टाकी साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच बाहेर पडून उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागला. त्याला ना भाव, ना गिऱ्हाईक. कृपा करून तलावात काही सोडू नका. दुकानदाराला परत द्या. बरेचसे घेतात, पैसे मात्र देत नाहीत.