मातीला काथ्याचा आधार, कामगाराला कोणाचा?

विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या मातीवरून ज्यांची लाईन जाते, त्या ट्रॅकमन बंधूंना या मातीची ओळख करून द्यायला नको. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. गाडीच्या भाराखाली ओला गाळ खडीत वर येतो आणि कालचे पॅकिंग आज पुन्हा करावे लागते. गावरस्त्यांची गतही तीच. वर डांबर, खाली खचलेला पाया. आणि त्यावरून रोज टपाल नेणारा आमचा ग्रामीण डाक सेवक.

यावरचा एक उपाय आपल्या ओळखीचा आहे. भिंत लिंपताना मातीत भुसा तुडवतात तो उगाच नव्हे. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. तो ताण धागा घेतो. याच तत्त्वावर रस्त्याच्या पायात काथ्याचे किंवा कृत्रिम तंतू मिसळतात. प्रमाण थोडे, साधारणतः वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास. किंवा विणलेली जाळी माती व खडीच्या मध्ये अंथरतात. काथ्यात लिग्निन भरपूर, म्हणून तो तागापेक्षा जास्त टिकतो. तो कुजेपर्यंत खालची माती वाहतुकीने घट्ट बसलेली असते.

2020 मध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या रस्त्यांसाठी काथ्याच्या जाळीला मान्यता दिली. त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु आमच्या तीन मागण्या आहेत.

पहिली, जाळी म्हणजे जादू नव्हे. पाण्याचा निचरा नसेल तर कोणताही पाया टिकणार नाही. शिवाय डांबर पडल्यावर खाली काय आहे हे कोणाला दिसणार? म्हणून पाया झाकण्यापूर्वी गावकऱ्यांसमक्ष तपासणी व्हावी.

दुसरी, केरळात काथ्याचे सूत वळणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. मागणी वाढली तर तिचा लाभ मधल्या दलालाला नव्हे, त्या भगिनींना रास्त मजुरीच्या रूपाने मिळाला पाहिजे.

तिसरी, रेल्वेने कमकुवत भराव जरूर सुधारावेत. पण त्या नावाखाली ट्रॅकमनची पदे कापू नयेत. नव्या तंत्राने कामगाराच्या पाठीवरचा भार उतरावा, त्याची भाकरी नव्हे.

रेल्वे, टपाल आणि काथ्या कामगारांचे हित येथे एकच आहे. शाखांनी हा विषय आपल्या सभांत घ्यावा, असे आमचे आवाहन आहे.