बटणाचा माउथऑर्गन घ्यायचा, पण कोणता?



परवा एक पत्र आलं. वहीच्या मधल्या दोन पानांवर, निळ्या शाईत, अगदी सुवाच्य अक्षरात. लिहिणारी मुलगी आठवीतली आहे. नाव छापू नका असं तिनंच कळवलंय, म्हणून आपण तिला नुसतं 'ताई' म्हणू.

ताई लिहिते, "बाई, भाऊबिजेची ओवाळणी आणि वाढदिवसाचे पैसे असे दोन वर्षं साठवून माझ्याकडे २,८०० रुपये झालेत. मला माउथऑर्गनवर ब्लूज आणि जॅझ वाजवायचंय. दुकानातले काका म्हणाले, बटणाचा क्रोमॅटिक घे. बाबा म्हणतात, एवढ्याशा खेळण्याला एवढे पैसे? चार दिवस वाजवशील आणि माळ्यावर टाकशील. तुम्हीच सांगा, घेऊ का नको? आणि घेतला तर कोणता?"

खरं सांगू? हे पत्र वाचून मला माझाच माळा आठवला!

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मीही असाच पैसे साठवून बटणाचा माउथऑर्गन घेतला होता. दुकानातला सगळ्यात स्वस्त. फुंकला की निम्मी हवा फुस्सकन बाजूनं निघून जायची. खालचे सूर तर वाजायचेच नाहीत. हॉस्टेलच्या मैत्रिणी म्हणायच्या, "तुझ्यात दमच नाही गं!" हळूहळू मलाही ते पटलं. माउथऑर्गन गेला माळ्यावर. पुढे पाच-सहा वर्षांनी शाळेची पेटी दुरुस्त करायला एक काका आले होते, त्यांना तो सहज दाखवला. त्यांनी स्क्रू काढून आत पाहिलं. आतल्या निम्म्या झडपा सुटलेल्या, बटणाची पट्टी वाकडी. काका म्हणाले, "बाई, हा कुणीही वाजवला असता तरी वाजला नसता."

इतकी वर्षं मी स्वतःलाच दोष देत होते! म्हणून ताईचे २,८०० रुपये मला फार मोलाचे वाटतात. पैसे पुन्हा साठवता येतील, पण 'मला जमत नाही' हे एकदा मनात बसलं की निघता निघत नाही.

तर आता नीट समजून घेऊ या.

माउथऑर्गन मुख्यतः तीन प्रकारचे. आपल्याकडच्या दुकानांत हमखास दिसतो तो २४ भोकांच्या जोड्यांचा ट्रेमोलो. त्यात एका सुराला दोन रीड असतात. रीड म्हणजे पितळेची पातळ पट्टी, जशी पेटीत असते. त्या दोन रीडच्या सुरांत केसाएवढा फरक ठेवलेला असतो, म्हणून आवाज थरथरतो. साध्या गाण्यांना तो छान. पण ब्लूज-जॅझसाठी तो उपयोगाचा नाही.

दुसरा, १० भोकांचा छोटा, डायटॉनिक. एका भोकात दोन रीड, एक फुंकलं की वाजणारा, एक हवा ओढली की वाजणारा. म्हणजे एकूण २०.

आणि तिसरा, क्रोमॅटिक. याच्या उजव्या टोकाला एक बटण असतं. प्रत्येक भोकाला चार रीड. बटण न दाबता फुंक आणि ओढ, बटण दाबून फुंक आणि ओढ. आता पाढा म्हणा पाहू! १२ भोकांच्या क्रोमॅटिकमधे किती रीड? बरोबर, १२ चोक ४८.

बटणाची गंमत ऐका. शाळेतली पेटी डोळ्यांसमोर आणा. पांढरी एकपासून सुरुवात केली तर पांढऱ्या पट्ट्या म्हणजे शुद्ध सा रे ग म प ध नी. 'सी'चा क्रोमॅटिक घेतला आणि बटणाला हात लावला नाही, तर या पांढऱ्या पट्ट्या वाजतात. बटण दाबलं की प्रत्येक सूर अर्धी पायरी वर चढतो आणि काळ्या पट्ट्या मिळतात. कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी, सगळे हजर! अख्खी पेटी खिशात!

सूर बसवलेतही सोपे. पहिलं भोक फुंका, सा. ओढा, रे. दुसरं फुंका, ग. ओढा, म. तिसरं फुंका, प. ओढा, ध. चौथं मात्र उलटं, ओढा, नी आणि मग फुंका, वरचा सा. पाचव्या भोकापासून पुन्हा तेच. म्हणजे चार भोकं पाठ झाली की बाराही पाठ!

"मग प्रश्नच मिटला, क्रोमॅटिकच घ्यावा!" असं म्हणाल. थांबा. आधी ठरवायचं, आपल्याला वाजवायचंय काय?

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या आफ्रिकी वंशाच्या कष्टकरी लोकांचं संगीत. माउथऑर्गन स्वस्त आणि खिशात मावणारा, म्हणून त्यांच्या हाती आला. तो बनवला होता जर्मनांनी. मथियास होनर यांनी ट्रॉसिंगेन गावात १८५७ साली माउथऑर्गन करायला सुरुवात केली आणि पुढे ते जहाजांतून अमेरिकेत पोचले. जर्मन लोकगीतांसाठी केलेल्या या छोट्या वाद्यातून ब्लूजवाल्यांनी भलताच आवाज काढला. हवा ओढताना तोंडाच्या आतला आकार बदलून ते सूर खाली वाकवू लागले. आपल्याकडे मींड घेतात ना, तसं काहीसं. कोमल ग, कोमल नी आणि तीव्र म यांच्या आसपास घुटमळणारे हे सूर, त्यातच ब्लूजचा जीव आहे.

असं वाकवणं १० भोकांच्या डायटॉनिकवर छान होतं, कारण एका भोकातले दोन्ही रीड एकमेकांना साथ देतात. क्रोमॅटिकमधे हवा वाया जाऊ नये म्हणून रीडवर प्लॅस्टिकच्या बारीक झडपा चिकटवलेल्या असतात. त्यामुळे एक रीड वाजताना दुसऱ्याला हवाच मिळत नाही. सूर थोडा वाकतो, पण ती रडवेली ओढ तशीच्या तशी येत नाही.

मग क्रोमॅटिकवर ब्लूज नाहीच का? आहे तर! शिकागोचा लिटल वॉल्टर (१९३०-१९६८) याचं 'ज्यूक' १९५२ साली फार गाजलं. तो डायटॉनिकचा बादशहा, पण काही रेकॉर्डवर त्यानं क्रोमॅटिकही वाजवला. त्याची युक्ती साधी. बटण न दाबता नुसती हवा ओढली की रे, म, ध एकत्र वाजतात आणि गंभीर, उदास असा आवाज येतो. सा ऐवजी या रे लाच घर मानायचं आणि वाजवायचं.

जॅझचं मात्र वेगळं. जॅझमधे धून मधेच पट्टी बदलते आणि बाराच्या बारा सूर केव्हाही लागतात. तिथे बटण हवंच. बेल्जियमचे टूट्स थिलेमन्स (१९२२-२०१६) यांनी क्रोमॅटिकवर असं जॅझ वाजवलं, की मोठमोठ्या सॅक्सोफोनवाल्यांनी त्यांना शेजारी उभं करून घेतलं. आणि स्टीव्ही वंडर! जन्मल्यावर लवकरच दृष्टी गेलेला हा मुलगा. १९६३ साली त्याचं 'फिंगरटिप्स' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आलं. त्यात तो माउथऑर्गन वाजवतो. तेव्हा त्याचं वय होतं फक्त १३. म्हणजे तुमच्या ताईएवढंच!

आपल्याकडेही 'सोलवा साल' (१९५८) आणि 'दोस्ती' (१९६४) या सिनेमांतला माउथऑर्गन राहुलदेव बर्मन यांनी वाजवलाय. संगीतकार म्हणून नाव होण्याच्या आधी! घरी आजीआजोबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल.

आता खरेदीकडे वळू या. क्रोमॅटिकच घ्यायचा ठरला तर हे लक्षात ठेवा.

एक. पट्टी 'सी'ची, म्हणजे पांढरी एक. शिकायची पुस्तकं बहुधा याच पट्टीची असतात.

दोन. भोकं १२. त्यात तीन सप्तकं येतात आणि ती पुरतात. १६ भोकांचा जड आणि महाग. १० भोकांचा थोडा स्वस्त, पण वरचे सूर कमी पडतात.

तीन. आतला सांगाडा प्लॅस्टिकचा असलेला बरा. लाकूड आवाजाला गोड असतं हो, पण तोंडाच्या ओलाव्यानं फुगतं. आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

चार. पत्रे खिळ्यांनी ठोकलेले नकोत, स्क्रूनं बसवलेले हवेत. झडप निसटली तर उघडून पुन्हा चिकटवता येते.

पाच. नावाजलेल्या कंपनीचा साधा प्रकार घ्या. होनरचा क्रोमेटा, सुझुकीचा क्रोमॅटिक्स असे प्रकार असतात. चीनमधल्या स्वान, ईस्टटॉप या कंपन्यांचे त्याहून स्वस्त पडतात. पण स्वस्त वाद्यात एकासारखा दुसरा निघेलच असं नसतं. म्हणून प्रत्येक नग तपासूनच घ्यायचा.

सहा. जुना, कुणी वापरलेला नको. तोंडात धरायची वस्तू आहे ती.

तपासायचा कसा? दुकानात तोंड लावू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. काही दुकानांत त्यासाठी छोटा भाता असतो. तो मागा. भाता नसेल तर 'घरी नेऊन वाजला नाही तर बदलून द्याल का?' हे आधीच विचारा आणि पावती घ्या. मग एकेक भोक चारदा वाजवायचं. फुंक, ओढ, बटण दाबून फुंक, बटण दाबून ओढ. अगदी हळू फुंकलं तरी सूर लगेच बोलला पाहिजे. शेजारी पेटी असेल तर तिच्याशी सूर जुळवून पाहा. बटण भराभर दहा वेळा दाबा, ते अडकता कामा नये. दुकानदार काका कंटाळले तर कंटाळू देत! मी हे ४८ सूर तपासले नाहीत, म्हणून माझी पाच वर्षं वाया गेली.

आता ताई, तुझं उत्तर.

२,८०० रुपयांत नावाजलेल्या कंपनीचा बटणाचा नवा माउथऑर्गन मिळणं कठीण आहे. मिळेल तो बहुधा माझ्या माळ्यावरच्या वाद्याचा भाऊ असेल. म्हणून तो घाईनं घेऊ नकोस. पण 'नको' असंही मी म्हणत नाही. तुला ब्लूजही वाजवायचंय ना? मग आधी चांगल्या कंपनीचा १० भोकांचा 'सी'चा डायटॉनिक घे. तो बराच कमी किमतीत मिळतो, थोडे पैसे उरतील. रोज वीस मिनिटं वाजव. एक सूर स्वच्छ काढणं, श्वास पोटातून घेणं, सूर वाकवणं, हे त्यावर शिकशील. यातलं बरंचसं पुढे क्रोमॅटिकवर उपयोगी पडेल. उरलेल्या पैशांत भर टाकत राहा. पुढच्या दिवाळीपर्यंत १२ भोकांचा क्रोमॅटिक तुझ्या हातात यायला हरकत नाही.

मात्र नुसतं जॅझच करायचं असेल, तर मधला मुक्काम नको. थोडं थांब आणि थेट क्रोमॅटिकच घे.

आणि ताईचे बाबा, आता दोन शब्द तुमच्यासाठी. माळ्याची भीती खोटी नाही. पण मुलांच्या हातून वाद्य सुटतं ते नेहमी आळसानंच असं नाही. पुष्कळदा वाद्यच वाजत नसतं. तुमच्या लेकीनं दोन वर्षं ओवाळणी जपून ठेवलीय. जी दोन वर्षं थांबते, ती चार दिवसांत कशी कंटाळेल? जमलं तर एक करा. खरेदीला तिच्याबरोबर जा आणि ते ४८ सूर तुम्हीही ऐका.

वाद्य आणल्यावरची शिस्तही सांगून ठेवते. चिवडा, गूळ, चॉकलेट खाऊन लगेच वाजवायचं नाही. आधी चूळ भरायची. थंडीत पाच मिनिटं खिशात धरून कोमट करायचं, नाहीतर आत दव साचून झडपा चिकटतात. वाजवून झालं की भोकं खाली करून तळहातावर हलकेच आपटायचं, डबीत ठेवायचं. आणि धाकट्या भावानं कितीही हट्ट केला तरी त्याच्या तोंडात द्यायचं नाही!

तुमच्यासाठी आजचा प्रश्न. १६ भोकांच्या क्रोमॅटिकमधे किती रीड? आणि त्यात सप्तकं किती? उत्तर पोस्टकार्डावर कळवा.

माझा जुना माउथऑर्गन त्या पेटीवाल्या काकांनी नव्या झडपा लावून दिला. अजूनही दोन सूर जरा कुरकुरतात. पण मधल्या सुट्टीत मी तो वाजवते आणि चौथीची पोरं खिडकीशी गर्दी करतात.

ताई, पहिला सूर स्वच्छ निघाला की मला लगेच पत्र पाठव हं!

तुमची,
बाई