थांबतेस आणि थांबावेस

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची पुण्याहून देवळ्याला आली, तेव्हा तिच्या बॅगेत कपड्यांपेक्षा वह्याच जास्त होत्या. त्यातली एक जाड वही तिने स्वयंपाकघरात माझ्यासमोर टाकली आणि म्हणाली, "खाला, मेरे से नहीं होता. अम्मी को तुमच बोलो." वहीत पानोपानी सहा-सहा ओळींचे तक्ते होते आणि त्यांवर लाल पेनाच्या फुल्या.

ती दोन वर्षांपासून शनिवार-रविवार स्पॅनिशच्या क्लासला जाते. आमच्या आपाने शिलाईच्या पैशांतून तिची फी भरली आहे. स्पॅनिश येणाऱ्या मुलामुलींना पुण्यात बऱ्या पगाराची कामे मिळतात, पण त्यासाठी 'देले' परीक्षेची बी-वन पातळी हवी, असे तिला सांगितले गेले होते. पहिल्या दोन पातळ्या तिने हसतखेळत पार केल्या. तिसरीच्या तयारीत गाडी अडली ती एका शब्दावर : सुबखुन्तीवो. क्लासच्या चाचणीत दोनदा नापास झाली. आता सोडून देते म्हणत होती, आणि ही बातमी आपाला माझ्या तोंडून कळावी अशी तिची इच्छा होती.

मला स्पॅनिशचे ओ की ठो कळत नव्हते. पण क्रियापद चालवून घेणे हा माझा वीस वर्षांचा धंदा आहे. म्हटले, एक साधे क्रियापद घे आणि मला शिकव. जिला शिकवावे लागते तिला आपले कुठे अडते ते आपोआप कळते. तिने 'एस्पेरार' घेतले. म्हणजे थांबणे, वाट पाहणे. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आशा करणे. मला हे क्रियापद तिथेच आवडले.

स्पॅनिशमध्ये क्रियापदांची तीन घराणी आहेत : शेवटी 'आर', 'एर' किंवा 'ईर' येणारी. ते शेपूट काढले की मूळ उरते आणि मुळाला प्रत्यय लागतात. एस्पेरो, मी थांबते. एस्पेरास, तू थांबतेस. एस्पेरा, ती थांबते. एस्पेरामोस, आम्ही थांबतो. एस्पेराइस, तुम्ही थांबता. एस्पेरान, त्या थांबतात. सर्वनाम बोलायची गरज नाही, प्रत्ययच माणूस सांगतो. आपणही "येतेस का?" म्हणतो तेव्हा 'तू' कुठे म्हणतो?

एक फरक मात्र आहे. एस्पेरो म्हणणारी बाई की पुरुष, ते कळत नाही. मराठीत थांबतो-थांबते असे लगेच उघड होते. आमच्या भागातली अहिराणी याबाबतीत स्पॅनिशच्या जवळची. मी करस, तू करस, तो करस, तीही करस. अहिराणी बोलणाऱ्या मुलांना मी मराठीच्या तासाला लिंग बदलायला लावते, तेव्हा ती माझ्याकडे कशी पाहतात ते मला ठाऊक आहे.

भूतकाळ दोन. एस्पेरे म्हणजे थांबले, एकदाच, झाले ते काम. एस्पेराबा म्हणजे थांबत असे, थांबायची. आपला साधा भूतकाळ आणि रीती भूतकाळ, फारसा वेगळा मामला नाही. भविष्यकाळ तर गमतीचा. तिथे शेपूट काढायचेच नाही, अख्ख्या एस्पेरारला प्रत्यय लावायचा : एस्पेरारे, थांबेन. एस्पेरारास, थांबशील. इथपर्यंत पोरीचा एकही तक्ता चुकला नव्हता. फक्त जोर चुकायचा. 'पे'वर जोर दिला तर एस्पेऽरो, मी थांबते. शेवटी जोर दिला तर एस्पेरोऽ, तो थांबला. माणूसही बदलला आणि काळही.

मग आली लाल फुल्यांची पाने. एस्पेरे, एस्पेरेस, एस्पेरे, एस्पेरेमोस, एस्पेरेइस, एस्पेरेन. मी विचारले, यात काय झाले? म्हणाली, "आ चा ए झाला." मग अर्थ काय बदलला? तिने वहीतले इंग्रजी वाचून दाखवले. क्लासमध्ये सगळे इंग्रजीतूनच शिकवतात. त्या इंग्रजी वाक्यांत दोन्हीकडे 'वेट'च होते. आय वेट, यू वेट, दे वेट, आणि इच्छा असली तरी वेटच. इंग्रजीत क्रियापदाचा चेहरा जवळजवळ हलतच नाही. जो बदल डोळ्यांना दिसत नाही, तो मुलीने पाठ करायचा तरी कसा? दोष तिच्या डोक्यात नव्हता. ज्या खिडकीतून तिला दाखवले जात होते, तिथून ती वस्तू दिसतच नव्हती.

मी वही बाजूला सारली आणि म्हटले, "तू थांबतेस" आणि "तू थांबावेस असे मला वाटते", यात फरक काय? ती हसली. "खाला, ये तो पाचवी का सवाल है." मग हेच कर. एस्पेरास म्हणजे थांबतेस. एस्पेरेस म्हणजे थांबावेस. पहिल्यात काम जमिनीवर घडते आहे, दुसऱ्यात ते कुणाच्या तरी मनात आहे. 'क्येरो के एस्पेरेस', तू थांबावेस अशी माझी इच्छा आहे. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आले. तेव्हापासून आपण शाळेत स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ हे चार अर्थ घोकतो आणि पेपर झाला की विसरतो. ते पुण्यात स्पॅनिशच्या वर्गात उपयोगी पडतील असे मला तरी कुठे वाटले होते?

उर्दू तर याहून जवळ आहे. 'तुम ठहरती हो' आणि 'मैं चाहती हूँ कि तुम ठहरो'. उर्दू कवायदीत या ठहरो, ठहरे, ठहरूँ रूपांना मुजारे म्हणतात. 'काश', 'खुदा करे', 'ताकि', 'शायद' यांच्यामागे ही रूपे कशी आपसूक येतात पाहा. 'खुदा करे कि वो ठहरता है' असे आमच्या घरातले तीन वर्षांचे पोरही म्हणणार नाही. पण हा नियम आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

आणि मला अब्बांची आठवण झाली. अब्बा मदरशात शिकलेले. मगरिबनंतर आम्हा बहिणींना समोर बसवून 'मीजान'मधली गर्दान म्हणून घ्यायचे. एका क्रियापदाचे चौदा सीगे, एका दमात. मी पोळ्या लाटता लाटता म्हणायची आणि चुकले की अब्बा काही न बोलता बोटाने पाट वाजवायचे. त्या गर्दानीत एक जागा होती. 'यक्तुबु', तो लिहितो, शेवटी पेश. पण आधी 'अन्' किंवा 'लन्' आले की पेशाचा जबर होतो : 'अन् यक्तुब', त्याने लिहावे. एक स्वर बदलला आणि काम घडण्यातून घडावेसे वाटण्यात गेले. स्पॅनिशचा 'आ'चा 'ए' म्हणजे हेच की! भाचीनेही लहानपणी नान्याकडून अर्धीमुर्धी गर्दान घेतली होती. "नाना का पाटा," ती म्हणाली, आणि पोळपाटावर बोटे वाजवत सहाही रूपे म्हणून गेली. पहिल्यांदाच न अडखळता.

दुसऱ्या दिवशी तिला मालेगावला जायचे होते, म्हणून आम्ही देवळ्याच्या बसस्थानकावर उभ्या होतो. वाट पाहणे हाच धडा असेल तर याहून चांगला वर्ग कुठला? बस येते आहे. बस येईल. बस यावी. बस येवो बाई एकदाची. बस आली असती तर आत्तापर्यंत पोचलो असतो. बाकावर बसलेले एक शेतकरी भाऊ कांद्याला भाव यावा, भाव येवो, भाव आला असता तर, असे सगळे अर्थ एका श्वासात चालवत होते. भाची खिशातून चिठ्ठी काढून प्रत्येकाचे स्पॅनिश शोधत होती. 'आला असता तर'पाशी थांबली. 'सी उब्येरास एस्पेरादो', तू थांबली असतीस तर. ही दोन शब्दांची जोडी तिला वर्षभर भीती घालत होती. आपल्याकडेही ती जोडीच आहे, 'थांबली' आणि 'असतीस'.

तिथेच तिने मला तो शब्द सांगितला. स्पॅनिशमध्ये 'काश'साठी एक शब्द आहे आणि त्याच्यामागे नेहमी सुबखुन्तीवोच येतो. शब्द आहे ओखाला, जोर शेवटच्या 'ला'वर. मला आधी वाटले ती मलाच हाक मारते आहे, ओ खाला! स्पेनच्या भाषा अकादमीच्या कोशात त्याचे मूळ अंदलूसच्या अरबीतले 'लौ शाअल्लाह' असे दिले आहे, अल्लाहने चाहले तर. आपल्या इन्शाअल्लाहची ही बहीण. 'इन' शक्य गोष्टीसाठी आणि 'लौ' अवघड किंवा हुकलेल्या गोष्टीसाठी, हा अरबीतला भेद. आजचा स्पॅनिश ओखाला दोन्हींसाठी चालतो, भेद क्रियापद सांभाळते. ओखाला एस्पेरे, तो थांबो. ओखाला एस्पेरारा, तो थांबला तर किती बरे, पण लक्षण दिसत नाही.

१४९२ च्या जानेवारीत ग्रानादा पडले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सालामांका शहरात नेब्रिखाचे स्पॅनिश व्याकरण छापून निघाले. पुढे १५६७ मध्ये राजा दुसऱ्या फेलिपेने ग्रानादातल्या मुसलमान वंशाच्या लोकांना अरबी बोलण्या-लिहिण्याची बंदी केली. पण अझूकार (साखर), आरोस (तांदूळ), आसेइते (तेल), आल्मोआदा (उशी) हे शब्द स्वयंपाकघरात आणि पलंगावर राहून गेले. 'हत्ता'चा आस्ता झाला, आणि 'उद्या भेटू' म्हणताना स्पॅनिश माणूस तो रोज वापरतो. ओखाला तर प्रत्येक इच्छेच्या तोंडी बसला. बंदी घालणारेही तोच म्हणत असतील.

अदबीचा प्रश्न मात्र मी तिला सोडवून दिला, पुस्तकाने नव्हे. स्पॅनिशमध्ये मोठ्या माणसाला 'उस्तेद' म्हणतात आणि क्रियापद 'ती-तो'चे लावतात. तिला ते विचित्र वाटे. मी म्हटले, "जनाब क्या फर्माते हैं" असे समोरच्यालाच आपण म्हणतो ना? उस्तेद हा शब्दच मुळात 'आपली मेहेरबानी' अशा अर्थाच्या दोन शब्दांचा घासून झालेला आहे. म्हणून लहानाला एस्पेरा, थांब. मोठ्याला एस्पेरे, थांबावे. नको म्हणायचे असेल तर लहानालाही इच्छेचेच रूप : नो एस्पेरेस, थांबू नकोस.

आपली भाषा दगा देते ती जागाही सांगते. "मी भाकरी खाल्ली" यात क्रियापद भाकरीच्या मागे जाते. उर्दूतही 'मैंने रोटी खाई'. ही सवय घेऊन पोरगी 'मी सफरचंद खाल्ले आहे' लिहायला गेली. स्पॅनिशमध्ये सफरचंद स्त्रीलिंगी, म्हणून तिने 'ए कोमीदा' लिहिले. तिथे 'ए कोमीदो'च हवे, वस्तू काहीही असो. कोमीदा म्हणजे तर जेवण. वहीतल्या लाल फुल्यांपैकी निम्म्या या एका चुकीच्या होत्या. आजवर तिला कुणी सांगितलेच नव्हते की ही चूक अडाणीपणाची नाही, मराठी-उर्दूची आहे.

सुट्टी संपेपर्यंत आम्ही 'एर' आणि 'ईर' घराणी घेतली. तिथे उलटे आहे, 'ए'चा 'आ' होतो : कोमे, खाते, कोमा, खावे. अनियमित क्रियापदांची रांग अजून बाकी आहे आणि तिथे मराठी कितपत साथ देईल, शंकाच आहे. 'जाणे'चे 'गेले' कसे होते ते तरी आपण कुणाला समजावून सांगू शकतो?

परीक्षेची फी मी भरली. आपाला नापास झाल्याचेही सांगितले नाही आणि फीचेही. काल रात्री पुण्याहून एकाच शब्दाचा मेसेज आला, एस्पेरो. थांबले आहे म्हणते की आशा आहे म्हणते, ते विचारायला फोन लावला, तर बाईसाहेब झोपल्या होत्या.