कोठीचे महाविद्यालय आणि मुलीचा अर्ज

बारावीचा निकाल लागला की खेड्यातील घरात जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो : मुलीला पुढे कोठे पाठवावयाचे? तिचा ओढा शास्त्राकडे असेल तर उत्तर शेजारीपाजारीच देऊन टाकतात. परंतु तिने इतिहास, भाषा किंवा अर्थशास्त्र मागितले, की घर गप्प होते. "बी. ए. होऊन करणार काय?" असे कोणीतरी पुटपुटते, आणि महाविद्यालयाची निवड हा विषय मग जवळच्या बसथांब्यापाशीच संपतो. अशा घरांकरिता आज हैदराबादेतील एका स्त्री-महाविद्यालयाची हकीकत सांगावीशी वाटते.

हैदराबादच्या ज्या भागाला आज कोठी म्हणतात, त्याचे नावच ह्या महाविद्यालयाच्या वास्तूवरून पडलेले आहे. निजामाच्या दरबारातील इंग्रज रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी हा प्रासाद उभारविला. आराखडा मद्रास इंजिनिअर्समधील सॅम्युअल रसेल ह्याचा. समोर उंच स्तंभ, रुंद पायऱ्या आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंस दगडी सिंह. कर्कपॅट्रिकने खैरुन्निसा ह्या हैदराबादच्या कुलीन स्त्रीशी विवाह केला होता. ती पडद्यात राहत असल्याने तिला वास्तूचे दर्शनी रूप पाहता येईना, म्हणून त्याने जनान्याच्या बागेत त्याच वास्तूची लहान प्रतिकृती करविली, अशी आख्यायिका आहे. १८५७ च्या जुलैत तुर्रेबाज खान व मौलवी अलाउद्दीन ह्यांनी ह्याच रेसिडेन्सीवर हल्ला चढविला होता. जेथे एका स्त्रीला घराचा पुढचा भागही पाहता आला नाही असे सांगतात, तेथे १९४९ पासून मुली पुढच्या पायऱ्या चढून वर्गात जाऊ लागल्या.

महाविद्यालय मात्र त्याहून जुने. त्याचा आरंभ १९२४ सालचा, उस्मानिया विद्यापीठाच्या छायेत, आणि तोही मोजक्या मुलींनिशी. १९१८ साली स्थापन झालेल्या ह्या विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा व पुढे त्याच राज्याचा भाग होता, हे आपल्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक असेलच. तेव्हा त्या आरंभीच्या काळी परभणी-नांदेडकडच्या एखाद्या मराठी मुलीने येथे येण्याचे मनात आणले, तर तिला घर सोडावे लागे, आणि इतिहास व तर्कशास्त्र परक्या भाषेत शिकावे लागे. एवढे असून आईबापांनी मुली का पाठवाव्यात? माझ्या मते कारण एकच : संस्था केवळ स्त्रियांची होती. पडद्याच्या त्या काळात बापाला आधी मुलीच्या येण्याजाण्याची व तिच्या भोवतालच्या माणसांची खात्री हवी असे. अभ्यासक्रमाचा विचार त्यानंतरचा.

आणि आजही हे फारसे बदललेले नाही. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील स्त्रियांना सरकारी बसमधून विनामूल्य प्रवासाची सवलत मिळाली. कोठी हे शहरातील बसगाड्यांचे मोठे ठिकाण. मेट्रोची स्थानकेही आता हाकेच्या अंतरावर आहेत. दूरच्या वस्तीतील मजुराच्या मुलीच्या दृष्टीने महाविद्यालयाच्या कोणत्याही सुंदर माहितीपुस्तिकेपेक्षा हे तिकीट अधिक बोलके आहे. शिक्षणतज्ज्ञांच्या परिषदांतून ह्या गोष्टीचा उल्लेख होतो की नाही, देव जाणे!

वास्तूच्या वैभवाविषयी मात्र मला थोडी शंका आहे. पाहुणा स्तंभ पाहून हरखतो. पण ज्या मुलीला तीन वर्षे तेथे बसावयाचे, ती छत गळते की नाही ते पाहते. ही कोठी इतकी जीर्ण झाली होती की २००२ साली जागतिक स्मारक निधी ह्या संस्थेने तिला जगातील धोक्यात आलेल्या वास्तूंच्या यादीत घातले, आणि पुढे तिच्या जीर्णोद्धाराचे काम बरीच वर्षे चालले. काम उत्तम झाले. तरीही जुन्या वास्तूचा खर्च आणि प्रयोगशाळा व ग्रंथालयाचा खर्च एकाच थैलीतून निघू लागला, तर कोणाच्या वाट्याला काय येते हे आईबापांनी विचारावे.

देखणेपण पुरेसे नसते, ह्याचे उदाहरण सातासमुद्रापलीकडे आहे. अमेरिकेत लहान, निवासी कला महाविद्यालयांची परंपरा मोठी. तेथे एकाच विद्येत न अडकता साहित्य, गणित, इतिहास, विज्ञान असे सारे थोडेथोडे शिकवितात. व्हर्जिनिया राज्यातील स्वीट ब्रायर हे १९०१ साली स्थापन झालेले असेच एक स्त्री-महाविद्यालय. तीन हजारांहून अधिक एकरांचा रम्य परिसर, टुमदार इमारती, नावाने ओळखणारे अध्यापक. असे असूनही ३ मार्च २०१५ रोजी संचालकांनी ते बंद करण्याचे जाहीर केले. खेड्यातील लहानशा कला महाविद्यालयाकडे येणाऱ्या मुली कमी होत चालल्या, हे त्यांचे एक प्रमुख कारण. तेव्हा माजी विद्यार्थिनी उठल्या. त्यांनी न्यायालय गाठले, एक कोटीहून अधिक डॉलर उभे केले, आणि काही महिन्यांतच निर्णय फिरला. नव्या मुलींना जे दिसत नव्हते ते जुन्या मुलींना दिसले होते. दारात उभ्या असलेल्या उमेदवाराला संस्थेचा हा गुण कळावा कसा, ही खरी अडचण आहे.

कारण आता अर्ज भरण्याची रीतही बदलली. तेलंगणात २०१६ पासून पदवीचे प्रवेश एकाच ऑनलाइन पद्धतीने होतात; मुलगी पसंतीक्रमाने महाविद्यालयांची नावे घालते. नाव, शुल्क, विषय एवढेच पडद्यावर दिसते. कोठीचे नावही बदलले आहे : २०२२ साली त्याचे महिला विद्यापीठ झाले, आणि २०२४ मध्ये त्याला तेलंगणातील शेतकरी लढ्यातील वीरांगना चाकली इलम्मा हिचे नाव देण्यात आले. प्रमाणपत्रावर "उस्मानिया" ही अक्षरे हवीत म्हणून जी येथे येत असे, तिला नवे नाव ओळखीचे होण्यास काही वर्षे लागतील. संस्था आता लहानही राहिलेली नाही. तेथे हजारो मुली शिकतात. धर्मभगिनींनी १९५९ साली बेगमपेठेत काढलेले सेंट फ्रान्सिस महाविद्यालय किंवा मुंबईचे १९४० चे सोफिया ह्यांच्याकडे काही कुटुंबे ओढली जातात ती शिस्तीच्या लौकिकामुळे; परंतु लौकिक हाही ऐकीव असतो, आणि खाजगी शुल्काचा आकडा ऐकीव नसतो.

म्हणून आईबापांना माझे सांगणे इतकेच की, पसंतीक्रम भरण्याआधी एक दिवस मोडून तेथे जावे, आणि तोही प्रवेशाच्या गर्दीचा नसावा. ग्रंथालय किती वाजता बंद होते ते पाहावे. मुलीला जो विषय हवा त्याला कायम अध्यापक आहे की तासावर येणारा, हे कचेरीत न विचारता दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचारावे. वसतिगृहात रात्री ताप आला तर कोण उठते, हेही तिलाच ठाऊक असते. कोठीला गेलातच, तर परतताना फाटकाबाहेरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांपाशी मुलीला घटकाभर थांबू द्यावे. ती कोणते पुस्तक उचलते ते बापाने मुकाट्याने पाहावे, आणि मगच अर्ज भरावयास बसावे.