जुनी विदेशी बोट : इसार देण्यापूर्वी

उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये कापड घेणारे गिऱ्हाईक ताका उलगडून पाहते. अंबरनाथ-बदलापूरचा कारखानदार जुने यंत्र घेताना मिस्त्री बरोबर नेतो. पण भागीदारीत युरोपातील जुनी मोटरबोट घेऊन गेटवे-मांडवा भागात भाड्याने फिरवावी, अशी गोष्ट निघाली की हीच मंडळी फोटो पाहून इसार द्यायला तयार होतात. हे आम्हाला पटत नाही.

छतावर बैठक आणि दुसरे सुकाणू असलेल्या या बोटींना फ्लायब्रिज म्हणतात. इटलीची आझिमुट, फेरेट्टी, इंग्लंडची प्रिन्सेस, सनसीकर ही नावे मोठी आहेत. पण जुना माल नावावर घेऊ नये. बोटीचे बूड बहुधा फायबरचे असते. वर्षानुवर्षे पाण्यात राहून त्यात ओल मुरते, फोड येतात. वरून रंग दिला की दिसत नाहीत. सबब बोट पाण्याबाहेर काढून, ठोकून, ओलावा मोजूनच पाहावी.

इंजिन थंड असताना चालू करायला सांगावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. काळा म्हणजे बोजा जास्त किंवा हवा कमी. इंजिन कमी तास चालले, हे दलाल कौतुकाने सांगतो. पण बंद पडून राहिलेला माग जसा बिघडतो, तशीच उभी बोटही. ऑइलचा नमुना तपासावा व समुद्रात पूर्ण वेगाने चालवून पाहावे.

१९९८ पासून युरोपात विकायच्या अशा बोटींना सीई खूण आणि किती माणसे बसवावीत याची पाटी लागते. ती पाहावी. बोटीवर कर्ज नाही ना, तेही पाहावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या स्पीडबोटीच्या धडकेने ‘नीलकमल’ बुडाली, डझनाहून अधिक जीव गेले. तेव्हा उतारू नेण्याचा परवाना आणि लाइफ जॅकेट यांत काटकसर नको.

हिशेबही पुरा मांडावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून हौशी नौकांवर जीएसटी ४० टक्के आहे. आयात शुल्क वेगळे. खलाशी, डिझेल, विमा, धक्क्याचे भाडे बारमाही. पावसाळ्यात मात्र गेटवेहून मांडव्याच्या उतारू बोटी बंद.

आमचे मत स्पष्ट आहे. सर्व्हेअर आपला असावा, त्याची फी आपणच द्यावी. तपासणीत खोट निघाल्यास इसार परत, ही अट लेखी घ्यावी. विकणारा नाही म्हणाला, तर सौदा तिथेच सोडावा. चार घरांची पुंजी बुडवण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.